हिरव्या पटक्याचा थोरला

माझा धंदा नेमका कसला, हे माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत कुणाला सरळ सांगितलं नाही. पाहुण्यारावळ्यांत विषय निघाला की ते म्हणायचे, "जावयाचं टीव्हीचं आहे काहीतरी." तसं ते खोटंही नव्हतं. दौंडला स्टेशनच्या अलीकडे माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यातल्या अर्ध्या जागेत पडदा लावून मी व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. दुरुस्तीला आलेला टीव्ही बरा झाला की मालक न्यायला येईपर्यंत त्याच्यावर गेम चालायचे. एका भल्या गृहस्थाने त्याचा टीव्ही न्यायला आठ महिने लावले. माझ्या पार्लरमधला तो सगळ्यात चांगला टीव्ही होता.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. गेम तेव्हा साबणाच्या वडीहून थोड्या मोठ्या अशा पिवळ्या कॅसेटमध्ये मिळायचे. कॅसेट चालली नाही की बाहेर काढायची, तोंडाशी धरून जोरात फुंकर मारायची, परत खोचायची. या फुंकरीत काही शास्त्र नव्हतं हे मला मेकॅनिक म्हणून ठाऊक होतं, पण गिऱ्हाईकासमोर मीही मोठ्या गांभीर्याने फुंकायचो. रेल्वे कॉलनीतली मंडळी ड्यूटी सुटली की यायची. त्यांना बंदुकीचे आणि मोटारींचे गेम लागायचे.

एका लॉटबरोबर एक वेगळीच कॅसेट आली होती. ती कुणी लावायला सांगायचं नाही. तिच्यात गोळ्या झाडायच्या नव्हत्या की गाडी पळवायची नव्हती. या जातीच्या गेममध्ये तुम्ही स्वतः एक माणूस होता. त्याला गावोगाव फिरवायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, वाटेत आडवं येईल त्याच्याशी झुंजायचं. प्रत्येक झुंजीनंतर तो तसूभर दणकट होतो आणि मग पुढच्या गावाला जाण्याजोगा बनतो. बघणाऱ्याला वाटतं, काहीच घडत नाही. खेळणाऱ्याला मात्र जेवण आठवत नाही. अडचण एकच होती. माणसं बोलायची तेव्हा उड्या मारायची, खालच्या चौकोनात अक्षरं उमटायची आणि ती जपानी होती. जपानी आहेत हे मला रेल्वेच्या एका गार्डसाहेबांनी सांगितलं. त्यांनाही ती वाचता येत नव्हती, पण त्यांनी ठामपणे सांगितलं म्हणून मी मानलं.

अशात एका बाजारच्या दिवशी खुटबावचे म्हस्कूआप्पा रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले. वय पन्नाशीच्या पुढचं, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी. बापजाद्यांपासून मेंढरांचं काम. लहानपणी स्वतः कळप घेऊन कोकणात उतरलेले, आता मात्र खुटबावला शेती करून स्थिरावलेले. मी रेडिओ उघडून बसलो होतो आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे टीव्हीवर तीच कॅसेट नुसती लावून ठेवली होती. पडद्यावर एक गाव, मधोमध विहीर, विहिरीपाशी दोन माणसं. एकाचा पटका हिरवा. दोघं जागच्या जागी टणाटण उड्या मारतात, गाणं थांबतं आणि हिरव्या पटक्याचा माणूस गावाबाहेर निघून जातो. गेमची सुरुवातच ती.

"शेठ, ह्ये काय चाललंय?" आप्पांनी विचारलं.

आता मी सरळ "मला माहीत नाही" म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मेकॅनिकने "माहीत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, ही शिकवण अंगात मुरलेली. मी म्हणालो, "भाऊ आहेत सख्खे. हा धाकटा, तो हिरव्या पटक्याचा थोरला. भांडण झालंय."

"कशापायी?"

मी पडद्याकडे पाहिलं. तिथे विहिरीशिवाय दुसरं काही काढलेलंच नव्हतं. "विहिरीच्या पाण्यावरून," मी ठोकून दिलं.

आप्पा पडद्याकडेच बघत बसले. रेडिओ झाला तरी उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मंग पुढं?" मी त्यांच्या हातात बटणं दिली आणि म्हणालो, "या धाकट्याला पुढं तुम्हीच न्यायचं."

त्यानंतर आप्पा दर बाजारला खुटबावहून सकाळच्या गाडीने येऊ लागले. त्यांच्यासारखा खेळाडू मी परत पाहिला नाही. त्यांचं बघून रेल्वेवालेही तो गेम खेळून बघायचे, पण अर्ध्या तासात वाट चुकायचे, कारण नकाशा नव्हता आणि पाट्या जपानीत. आप्पा कधी चुकले नाहीत. ज्याने रानोमाळ मेंढरं फिरवली त्याला चार झाडं आणि एक ओढा पुरतो. त्यांनी सगळ्या मुलखाला नावंही देऊन टाकली. झाड नाही, झुडूप नाही असा एक लांबलचक पट्टा होता, ते कासुर्डीचं माळरान. त्यात चालता चालता अचानक श्वापदं अंगावर यायची. आप्पा म्हणायचे, "लांडगा काय सांगून येतो व्हय?" आणि शांतपणे एकेकाला लोळवायचे.

दुसऱ्या किल्ल्यात तर त्यांनी चमत्कारच केला. एका कोपऱ्यातल्या भिंतीला माणूस टेकवून धरला की तो सरळ भिंतीतून पलीकडे जायचा. बनवणाऱ्याची ती चूक असणार. आप्पांनी ती शोधली आणि तिचं नाव ठेवलं पाणंद. पाणंद म्हणजे शेताच्या बांधाकडेची वहिवाटीची वाट. पुढे रेल्वेवालेसुद्धा विचारायचे, "पाणंदीनं जाऊ का दारानं?"

सगळ्यात कठीण काम माझं होतं. जो कुणी पडद्यावर बोलेल त्याचं बोलणं मी मराठीत सांगायचं. मी सांगायचो. म्हातारी बोलली की सुनेच्या तक्रारी, राजा बोलला की पाटबंधाऱ्याची कामं. आठवड्यामागून आठवडे मी रचत गेलो आणि मागचं पुढच्याशी जुळवत गेलो. आप्पांची आठवण पक्की, त्यामुळे मला चोरून वहीत टिपून ठेवावं लागायचं. खरं सांगतो, मला त्यात मजा यायला लागली होती. रेडिओच्या तारा जोडण्यात अशी मजा कधी आली नव्हती.

आप्पा मात्र फिरून फिरून एकच विचारायचे. "शेठ, थोरला येतो का न्हाई शेवटाला?"

"येतो की!" मी म्हणायचो. मी स्वतः शेवट पाहिलेला नव्हता.

पाच-सहा महिने झाले आणि एके दिवशी कॅसेट लावली तर आप्पांचा पडद्यावरचा गडी पुन्हा पहिल्या गावात, विहिरीपाशी उभा. कमावलेलं सगळं गेलं. त्या कॅसेटच्या पोटात नाण्याएवढा एक सेल असायचा. खेळ कुठवर आला ही आठवण त्या सेलवर जगायची. सेल मेला की आठवणही मेली. आप्पांनी पडद्याकडे बघत तंबाखू मळली.

"लांडग्यानं कळप मोडला म्हून काय मेंढरं सोडत्यात व्हय? दोन कोकरांपास्नं परत सुरू करायचं," ते म्हणाले आणि त्यांनी बटणं उचलली.

मी कॅसेट उघडून नवा सेल डाखला, म्हणजे कथिल वितळवून जोडला. पुढच्या वेळेपासून एक युक्ती केली. जुना सेल मरायच्या आधीच त्याच्या जोडीला दुसरा सेल तारेने धरायचा, मग जुना काढायचा आणि नवा डाखायचा. आठवणीला क्षणभरही उपाशी ठेवायचं नाही. यात हात थरथरला की सगळं गेलं. माझ्या सगळ्या हुन्नरात मला अजूनही सगळ्यात जास्त अभिमान याच कामाचा वाटतो.

त्याच सुमारास मला कळलं की आप्पांचा स्वतःचा थोरला भाऊ बिरूदादा दहा-अकरा वर्षं घरी आलेला नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं फाटलं, दादा भीमा ओलांडून वडगाव रासाईला सासुरवाडीच्या बाजूला जाऊन राहिला आणि तेव्हापासून बोलणं बंद. हे त्यांच्याच गावच्या माणसाने मला सांगितलं. मी विहीर का म्हणालो? तर पडद्यावर विहीर होती म्हणून! तसं त्या भागात विहिरीवरून भांडण न झालेलं घर दाखवा आणि बक्षीस घ्या. पण आता आप्पा "थोरला येतो का" विचारायचे तेव्हा मी हातातल्या रेडिओत डोकं खुपसायचो. न आला तर?

वर्षभराने आम्ही शेवटच्या गढीपाशी पोचलो. दुपारची वेळ होती, पार्लरमध्ये आम्ही दोघंच. आप्पांनी गडी दरवाजासमोर उभा करून खेळ राखून ठेवला, मग एक पाऊल पुढे टाकलं. दरवाजाआडून एक माणूस आला. हिरव्या पटक्याचा. तो गड्याजवळ आला, दोघांनी दोन उड्या मारल्या, दरवाजा उघडला आणि दोघं बरोबर आत गेले.

मी आप्पांपेक्षा जास्त चकित झालो होतो. माझी थाप खरी निघाली होती!

आतल्या राक्षसाला मारायचं राहिलं होतं. आप्पांनी बटणं खाली ठेवली. "आला," एवढंच म्हणाले, पटक्याच्या शेवाने डोळे पुसले आणि स्टेशनकडे चालायला लागले.

पुढचे तीन बाजार ते आले नाहीत. चौथ्या बाजारला पेढे घेऊन आले. "वडगावला गेलतो. दादा म्हनला, का आलास? म्या म्हनलं, दौंडात टीव्हीवर येक थोरला घरला आला, तू कवा येतूस? तर लागला हसाया. आता बिरुबाच्या जत्रंला आलाय सगळी मानसं घेऊन."

दोन हजारनंतर दौंडचं पार्लर बसलं. घरोघरी कॉम्प्युटर आले आणि कॅसेटला कुणी विचारेना. बायकोचं माहेर शिरूर. तिथे एसटी स्टँडजवळ गाळा मिळाला म्हणून मी इंटरनेटचं दुकान टाकलं. कॉलेजची मुलं फॉर्म भरायला आणि निकाल बघायला यायची. एका कोपऱ्यात हौस म्हणून सीडीवर चालणारं गेमचं मशीन ठेवलं होतं. जुनं मशीन आणि ती पिवळी कॅसेट फळीवर होती. मी तिचा सेल वेळच्या वेळी बदलत होतो. बायको म्हणायची, "कुणी खेळत नाही, मग कशाला?" मी म्हणायचो, असू दे.

आणि एक दिवस त्याच गेमचा नवा अवतार सीडीवर आला. आता इंग्रजीत. मी आठवडाभर दुपारचं शटर अर्धं ओढून, मुलीची डिक्शनरी मांडीवर घेऊन तो खेळलो.

चित्रं डोळे दिपवणारी. उड्या मारून बोलायचं गेलं, माणसं तोंडाने बोलायला लागली. कोपऱ्यात नकाशा, त्यावर कुठे जायचं ते दाखवणारा बाण. पूर्वी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याइतकं दणकट व्हायला महिना जायचा, आता दुपारभरात काम. खेळ आपोआप राखला जातो. सेल नको, डाख नको, मीही नको. हे सगळं मी पचवलं. पण सुरुवातीलाच कळलं की विहिरीचा भांडणाशी काडीचा संबंध नव्हता. भाऊ मात्र भाऊच होते, तेवढा माझा अंदाज बरोबर निघाला. थोरल्याला तलवार शिकायला परमुलखात जायचं होतं. तो जहाजावर चढतो आणि परत येतच नाही. शेवटच्या दरवाजात येतो तो कुणीतरी पहारेकरी. नव्या गेममध्ये त्याला झुपकेदार मिशा आणि स्वतःचा चेहरा दिलेला. तो म्हणतो, दार उघडलंय, चला आत.

मेकॅनिकच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. जुन्या कॅसेटमध्ये जागा इतकी थोडी की दहा माणसांना दहा चेहरे काढणं परवडायचं नाही. गावच्या नाटकात जो पहिल्या अंकात सावकार होतो तोच मिशी बदलून तिसऱ्या अंकात फौजदार होतो, तसं त्यांनी थोरल्याचंच चित्र पहारेकऱ्याला वापरलं होतं. इथे तर मिशीही बदलली नव्हती. म्हणजे एका पहारेकऱ्याच्या भरवशावर मी आप्पांना नदीपार धाडलं होतं.

आप्पांना हे कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. वडगावला बिरूदादांकडे आले की ते पुढे शिरूरला माझ्याकडे डोकावायचेच. मी नव्या गेमचा ब्रसुद्धा काढला नाही. पण बिरूदादांची नात शीतल शिरूरच्या कॉलेजात होती. ती परीक्षेचा फॉर्म भरायला आली आणि तिने सीडीचं खोकं पाहिलं. "काका, हा तोच ना? आप्पांचा? अहो, आमच्या घरात या गेमची गोष्ट बारक्या पोरांनासुद्धा पाठ आहे!" मी नाही-हो करत राहिलो. पुढच्या बाजारला ती दोघा म्हाताऱ्यांना घेऊनच दारात उभी.

बिरूदादांना मी पहिल्यांदाच बघत होतो. आप्पांपेक्षा उंच, पांढऱ्या भुवया, कमी बोलणारे. स्टुलावर बसले, काठी गुडघ्यात धरली.

आप्पांनी नवी बटणं हातात घेतली आणि पाचच मिनिटांत तक्रारी सुरू झाल्या. "ह्यो बाण कशापायी? मला काय दिसत न्हाई व्हय?" श्वापदं आता लांबूनच दिसायची, तेही पटेना. "लांडगा असा समोर हुबा ऱ्हायला तर राखण कशाची करायची?" गडी इंग्रजीत बोलला तेव्हा म्हणाले, "पोरगं सायबागत बोलाया लागलं." शीतलने मी राखून ठेवलेल्या खेळांतून दुसरा किल्ला काढून दिला. आप्पांनी सवयीने गडी कोपऱ्यातल्या भिंतीला टेकवला. भिंत हलेना.

"पाणंद कुनी आडवली?" आप्पा कडाडले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"आप्पा, शेवटचा दरवाजापण आहे यात. लावू?" शीतलने विचारलं. "दादाला दाव," आप्पा म्हणाले, "थोरला कसा येतो त्ये."

मी मीटरपाशी गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. "लाईट गेली!" मी जाहीर केलं. "आता तीन तास काय येत नाही." शेजारच्या चहावाल्याचा टेप जोरात वाजत होता. शीतल म्हणाली, "काका, त्याची कशी नाही गेली?" बिरूदादा माझ्या हाताकडे बघत होते. तो अजून स्विचवरच होता. मी स्विच वर केला.

दरवाजा आला. मिशीवाला पुढे झाला, बोलला. शीतलने वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "काका, हा तर पहारेकरी आहे."

मग मी सगळं सांगून टाकलं. मला ती भाषा येत नव्हती, विहीर मी चित्रात बघून म्हणालो, थोरला जहाजावर जातो तो जातोच. "आप्पा, तुमच्याशी इतकी वर्षं मी थापा मारल्या," मी म्हणालो. "मला माफ करा."

आप्पांनी बटणं मांडीवर ठेवली. पडद्यावरचा मिशीवाला दार धरून ताटकळत उभा होता. "म्हंजी थोरला येतच न्हाई?" आप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज मी असा बारीक कधी ऐकला नव्हता. मी मान हलवली.

बिरूदादांनी काठी फरशीवर आपटली. "येत न्हाई म्हंजी? मंग मी हितं कोन बसलोय?"

आधी शीतल हसली. मग आप्पा असे हसायला लागले की त्यांचा पटका सुटला. मला हसावं का रडावं कळेना, मी दोन्ही थोडं थोडं केलं.

"शेठ, ह्यांनी चुकीचं काढलंय," आप्पा डोळे पुसत म्हणाले. "कंपनीला तसं कळवा. आन् आपला जुना लावा."

मी फळीवरून जुनं मशीन उतरवलं, धूळ झटकली. कॅसेट तोंडाशी धरली आणि यावेळी अगदी मनापासून फुंकर मारली. आप्पांचा गडी गढीच्या दरवाजासमोर उभा होता, त्या दुपारी त्यांनी ठेवला होता तिथेच. आप्पांनी बटणं दादांच्या हातात दिली आणि कोणतं दाबायचं ते दाखवलं. बिरूदादांनी अंगठ्याने जपून दाबलं. गडी एक पाऊल पुढे सरकला. हिरव्या पटक्याचा माणूस दरवाजाआडून आला, जवळ येऊन थांबला, दोन उड्या मारल्या.

बिरूदादा काचेजवळ वाकले. बराच वेळ त्या एवढ्याशा चित्राकडे बघत राहिले.

"लई उशीर केलास रं," ते त्याला म्हणाले.

"आसू दे, दादा," आप्पा म्हणाले. "आला न्हवं?"